चौदा किलो लेगो: सरसकट विकावे की निवडून?

तुमच्या पत्रातली माहिती थोडक्यात अशी. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, आणि दोघांचे ठोकळ्यांचे खेळ गेले दीड वर्ष पलंगाखाली पडून आहेत. एकूण वजन १४ किलो. त्यात ड्युप्लो (अगदी लहान मुलांसाठीचे लेगोचेच मोठे ठोकळे) ३ किलो, लेगोचे सुटे ठोकळे ७ किलो, लेगोसारखेच दिसणारे इतर कंपन्यांचे ठोकळे २ किलो आणि माइंडस्टॉर्म्स ईव्ही३ हा रोबोटचा संच २ किलो. पुण्यातला एक व्यापारी सरसकट ८०० रुपये किलोने घ्यायला तयार आहे, म्हणजे ११,२०० रुपये. एका रोबोटिक्स क्लासने नुसत्या ईव्ही३ ला ९,००० सांगितले आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर लेगोची सात माणसे, म्हणजे संचातल्या चिमुकल्या बाहुल्या, १,०५० रुपयांना गेली. तुम्हाला सगळे रंगवार, संचवार लावून विकायचे आहे. यजमानांनी लेगोचा भाव वाढतो असे वाचले आहे; त्यांचे म्हणणे, दहा वर्षे ठेवू. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिले आहे, की क्रेडिट कार्डाचे १२,००० थकले असून व्याज महिना साडेतीन टक्के आहे.

सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासूनच करावी लागेल. १२,००० वर महिन्याला ४२० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ५०० रुपये दर महिन्याला जात आहेत. वर्षाचा दर नुसत्या व्याजाचाच ४२ टक्के होतो. त्यामुळे ‘ठेवून देऊ’ या पर्यायाची तुलना बँकेच्या ठेवीशी करून चालणार नाही, ती या ४२ टक्क्यांशी करायला हवी.

यजमानांनी जे वाचले आहे ते खोटे नाही. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या लेगो संचांच्या किमती तपासल्या आणि सरासरी परतावा वर्षाला किमान ११ टक्के निघाला. पण ते संच न उघडलेले, सील शाबूत असलेले होते, आणि त्यातही काहींनी चांगलेच नुकसान दाखवले. तुमचे खोके कधीच रद्दीत गेले. शिवाय सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे ईव्ही३, आणि ते इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. लेगोने माइंडस्टॉर्म्सची विक्री २०२२ च्या अखेरीस थांबवली. आज क्लासवाल्यांना तो हवा आहे. पुढे सॉफ्टवेअर जुळेनासे झाले की तोच संच अडगळ होईल. तो या महिन्यातच विका.

आता सरसकट विक्रीतला खरा तोटा पाहा. ८०० रुपये किलोने ईव्ही३ चे फक्त १,६०० रुपये होतात, म्हणजे एकाच वस्तूवर ७,४०० हातचे जातात. लेगोच्या एका माणसाचे वजन साधारण ३ ग्रॅम. किलोच्या भावाने त्याचे अडीच रुपयेही येत नाहीत, आणि तुम्ही तो १५० ला विकून पाहिला आहे. व्यापारी ८०० देतो तो याच दोन गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून. त्या काढून घेतल्यावर तो भाव पाडणार, हे धरूनच चाला.

माझा हिशेब हात आखडून केलेला आहे. ईव्ही३ चे ९,०००. ड्युप्लोचे ८०० च्याच भावाने २,४००. उरलेल्या चाळीसेक माणसांपैकी वीसच जातील असे धरून ३,०००. लेगोचे ७ किलो ५०० रुपयांनी ३,५००. इतर कंपन्यांच्या ठोकळ्यांचे शून्य. एकूण १७,९००, म्हणजे व्यापाऱ्यापेक्षा ६,७०० जास्त. याला धुणे, निवडणे, फोनवर बोलणे धरून १४ तास लागतील. तासाला पावणेपाचशेच्या आसपास पडतात. तेवढ्यासाठी दोन शनिवार-रविवार द्यायला हरकत नाही.

रंगवार निवड मात्र करू नका. दोन ओळींत चार-चार उंचवट्यांचा (२×४) एक ठोकळा अडीच ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे सात किलोत काही हजार तुकडे. ते रंगाने लावायला अनेक रात्री जातील आणि घेणारा एक रुपयाही जास्त देणार नाही, कारण त्याच्या घरी ते पहिल्याच दिवशी पुन्हा एकत्र होणार आहेत.

काम या क्रमाने करा. जुनी चादर अंथरा आणि आधी ड्युप्लो वेचून घ्या. ते मापाने दुप्पट असल्याने हाताला लगेच लागतात. ड्युप्लोच्या पिशवीत लेगोचा एकही बारीक तुकडा राहता कामा नये. ड्युप्लो घेणाऱ्यांच्या घरी दीड-दोन वर्षांचे मूल असते आणि तो तुकडा थेट तोंडात जातो. याबाबत हयगय नको. पिशवी भरल्यावर तुम्ही आणि यजमान दोघांनीही एकेकदा तपासा. मग इतर कंपन्यांचे बाजूला काढा. अस्सल लेगोच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर बारीक अक्षरात कंपनीचे नाव असते, तिरप्या उजेडात धरले की दिसते. ही भेसळ राहिली तर मूठभर नकली तुकड्यांपायी सगळ्या सात किलोंचा भाव पडतो. काढलेले दोन किलो शाळेला किंवा ओळखीच्या घरी देऊन टाका.

उरलेला ढीग स्वयंपाकघरातल्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून हलवा. हात, टोप्या, हत्यारे, पारदर्शक दिवे असला बारीक माल खाली पडतो. माणसे पुरी करायला तोच लागतो. माणूस विकायचा तर डोके, धड, पाय, केस किंवा टोपी एकाच जोडीची हवी. धडाच्या दोन्ही कडांना, हाताच्या खाली, केसाएवढी चीर जाते, नखाने चाचपा. चीर असलेला माणूस जाहिरातीत तसे लिहूनच विका, नाहीतर परत येतो.

तुम्ही ६०१४१ क्रमांकाच्या पोलीस स्टेशनचे पुस्तक सापडल्याचे लिहिले आहे. तो २०१७ चा, ८९४ तुकड्यांचा संच. जुळवण्याआधी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरची तुकड्यांची यादी उघडा आणि फक्त मोठे, छापील, काचेसारखे पारदर्शक भाग शोधा. त्यातलेच चार-पाच नसतील तर नाद सोडा. परदेशातून एकेक तुकडा मागवण्यात टपाल आणि सीमाशुल्कच जास्त होते. मुलीला जुळवायला आवडणार असेल तर जरूर करू द्या, पण माझ्या हिशेबात त्याचे पैसे धरलेले नाहीत.

धुताना पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. भाजीच्या जाळीच्या पिशवीत घालून भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात हलवा, वॉशिंग मशीन नको. उन्हातही वाळवू नका. पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात आणि तो पिवळेपणा घरी धुऊन जात नाही. पंच्यावर पसरून पंख्याखाली एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस. ठोकळ्याच्या पोकळीत पाणी राहिले आणि तसेच पिशवीत भरले, तर कुबट वास येतो आणि घेणारा दारातूनच परत जातो. स्टिकर लावलेले भाग ओल्या फडक्याने पुसा. ईव्ही३ ला पाणी अजिबात लावू नका. त्यातले सहा पेन्सिल सेल आजच काढा. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडे करा. तिन्ही मोटारी आणि सगळे सेन्सर चालतात का, याचा लहानसा व्हिडिओ काढून क्लासला पाठवा. ९,००० चा सौदा त्यावरच पक्का होईल.

विक्री शक्यतो पुण्यातच, हातोहात करा. कुरिअरवाले आकारमानाचे वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्याचे ५.४ किलोचे पैसे लागतात, आत माल तीनच किलो असला तरी. पैसे यूपीआयने घ्या, पण लक्षात ठेवा: पैसे घेण्यासाठी आपल्याला ना क्यूआर स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. ‘आधी एक रुपया पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

कराची काळजी नको. घरात वापरलेली खेळणी ही वैयक्तिक वापराची वस्तू, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही.

आलेल्या पैशांतले पहिले १२,००० कार्डात भरा. त्यानंतर जेमतेम ५,९०० राहतात, ते दोन्ही मुलांचे. मुलांना हे विक्रीनंतर नको, आधी सांगा. खेळणी त्यांची होती, काही तर आजीने वाढदिवसाला दिलेली. प्रत्येकाला चपलांच्या खोक्यात मावेल इतके मनाजोगते ठेवून घेऊ द्या, तेही न विचारता. मुलगी दहा वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सूचनेनुसार बँकेच्या मर्यादेत तिला स्वतःचे बचत खाते उघडून ते स्वतः चालवता येते; मुलाचे सध्या पालकांसोबत उघडा. एवढ्या रकमेची एसआयपी वगैरे आत्ता नको. आणि कार्डाच्या बिलाची तारीख बघून त्याच्या आदल्या शनिवारी ईव्ही३ क्लासच्या हातात द्या, बाकीचे सावकाश गेले तरी चालेल.