माना डोलावणारी टीम

प्रिय,

टीम लीड होऊन तुला तीन महिने झाले. मीटिंगमध्ये कुणी हरकत घेत नाही, सगळे माना डोलावतात, म्हणजे टीमचं छान जमलंय, असं तू लिहितेस. खरं सांगू? वाचून मला जरा धास्तीच वाटली.

1990च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. एकोपा जास्त तिथे चुका कमी, असा त्यांचा होरा होता. आकडे आले ते नेमके उलटे! खोलात गेल्यावर उलगडा होऊ लागला: एकोप्याच्या टीममध्ये चुका जास्त होत नसाव्यात, उघडपणे सांगितल्या जास्त जात असाव्यात. बाकीकडे झाकपाक. पुढे 1999 साली एका कारखानदार कंपनीतल्या 51 टीमचा अभ्यास करून त्यांनी 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना नीट मांडली, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी टीममध्ये आपली शोभा होणार नाही, हा भरवसा.

झाकपाक निदान नंतर उघडी पडते. गप्प बसणं त्याहून महागात जाऊ शकतं. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर विमानतळाच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं आदळली, 583 माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही? त्यानं विचारलंही. ज्येष्ठ कॅप्टननं ठासून उत्तर दिलं आणि विषय तिथेच संपला. अपघाताला कारणं अनेक होती, पण मला राहून राहून तो एकदाच विचारलेला प्रश्न आठवतो.

माझंही एक सांगतो. एका नवख्या मुलानं भर मीटिंगमध्ये माझा हिशेब चुकल्याचं दाखवलं. "आत्ता सुचतंय होय?" मी हसत म्हणालो. सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर अडचणी मला टीमकडून कळेनाशा झाल्या, थेट ग्राहकाच्या तक्रारीतून कळायला लागल्या. मी कुणावर ओरडलो नव्हतो, हे मी स्वतःला बरेच दिवस समजावत होतो.

तेव्हा वाईट बातमी घेऊन कुणी आलं, की तुझ्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य सांभाळ. "बरं झालं आत्ताच सांगितलंस" एवढं पुरतं. चूक कुणाची, हे नंतर बघता येतं. "कुणाला काही विचारायचंय?" या प्रश्नाला उत्तर येत नाही, मी तरी कधी ऐकलेलं नाही. "यात आपण कुठे आपटू शकतो?" असं विचार, सगळ्यात नव्या माणसाला आधी बोलू दे आणि तुझं मत शेवटी सांग.

याचा अर्थ गोडगोड बोलणं नव्हे हं. काम कच्चं असेल तर कच्चं म्हण, मुदत पाळायला लाव.

आपलेपणाचं म्हणशील, तर सहली आणि वाढदिवसांवर माझा फारसा विश्वास नाही. निर्णय मीटिंगबाहेर, दोघातिघांच्या ग्रुपवर होत असतील आणि बाकीच्यांना ते आयते कळत असतील, तर केक कापून काय होणार? नवीन आलेल्याला जुने विनोद कळत नाहीत, तेही कुणीतरी समजावून सांगावे लागतात.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तुझी स्वतःची एक ताजी चूक सांगून सुरुवात कर. खरीखुरी हवी, 'मी फार काम करते' छापाची नको. मग कोण काय बोललं, ते मला कळव.

तुझा,
जुना सहकारी