वाय-फाय नेमकं कुठे तुटलं? : वाचकांचे प्रश्न

लॅपटॉपच्या वाय-फायबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांकडे वळण्याआधी एक विनंती. लॅपटॉपला हात लावण्यापूर्वी त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का ते बघा, आणि बघताना मोबाइलचा डेटा बंद करा. डेटा चालू असेल तर वाय-फाय बंद पडलेलं असतानाही फोन गुपचूप सिमच्या नेटवर जातो आणि ‘फोनवर तर सगळं चालतंय’ असं वाटत राहतं. फोनवरही नेट येत नसेल तर दोष लॅपटॉपचा नाही. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला किंवा लुकलुकत असेल तर त्या डब्यापर्यंत सिग्नलच पोचत नाहीये. बहुतेक वेळा केबल तुटलेली, निसटलेली किंवा फार दुमडलेली असते. अशा वेळी कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि लॅपटॉपमधल्या सेटिंग्ज आहेत तशाच राहू द्या.

प्रश्न : काल रात्रीपर्यंत वाय-फाय व्यवस्थित होतं. आज खालच्या कोपऱ्यात वाय-फायचं चिन्हच नाही, सेटिंग्जमध्येही बटण दिसत नाही. चार वेळा बंद करून चालू केला. विंडोज ११ आहे. दुकानदार म्हणतो, कार्ड गेलं. बदलून घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

इतक्यात नको. चिन्ह नाहीसं झालं याचा अर्थ विंडोजला वाय-फायचं कार्ड सापडत नाहीये, एवढाच. कार्ड जळलेलं असू शकतं, पण बऱ्याचदा ते नुसतं अडकलेलं असतं.

तुम्ही ‘शट डाउन’ करून चालू केलात, मेख तिथेच असू शकते. विंडोजमध्ये बहुतेक लॅपटॉपवर ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आधीपासून चालू असते. शट डाउन करताना विंडोज स्वतःचा गाभा आणि ड्रायव्हर (कार्डासारखे भाग चालवणारे प्रोग्राम) ज्या अवस्थेत आहेत ती अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. मग ड्रायव्हर अडकला असेल तर तोही तसाच अडकलेला परत येतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून आधी रीस्टार्ट करून बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर कार्डाची वीज पूर्ण तोडायची. शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन करा. चार्जर, माउस, पेनड्राइव्ह, सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत बसवलेली असेल तर लॅपटॉप क्षणभर चालू होऊन पुन्हा बंद पडेल. घाबरू नका, बटण सोडू नका. दोन-तीन मिनिटांनी चार्जर लावून सुरू करा. बोर्डवर साठून राहिलेल्या विजेमुळे कार्ड अर्धवट अवस्थेत अडकलेलं असेल तर ते यातून सुटतं.

तरीही चिन्ह आलं नाही तर स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स’ ही ओळ उलगडा. कार्डाच्या नावात बहुधा इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम असतं आणि सोबत ‘वाय-फाय’ किंवा ‘वायरलेस’. नावावर खाली वळलेला छोटा बाण असेल तर कार्ड कोणीतरी बंद केलेलं आहे. राइट क्लिक करून ‘एनेबल’ करा, काम झालं. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर डबल क्लिक करा. ‘कोड १०’ किंवा ‘कोड ४३’ दिसला तर कार्ड जागेवर आहे पण नीट सुरू होत नाहीये. विंडोजचं अपडेट नुकतंच होऊन गेलं असेल तर ‘ड्रायव्हर’ या टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबता येतं का बघा. ते बटण फिकट असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, मात्र तिथल्या ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत खूण करू नका. मग रीस्टार्ट करा. विंडोज कार्ड पुन्हा शोधून तोच ड्रायव्हर नव्याने बसवते.

नावच नसेल तर ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. फिकट अक्षरात नाव आलं आणि आत ‘कोड ४५’ दिसला, तर कार्ड पूर्वी होतं, आता हाताला लागत नाहीये. अशा वेळी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘वायरलेस लॅन’ बंद तर नाही ना, ते बघा. तिथे ते चालू असूनही विंडोजमध्ये नावाचा पत्ता नसेल, तर मागचं झाकण उघडून कार्ड सॉकेटमधून काढून पुन्हा नीट बसवायला सांगा. तेही करून झालं की मगच दुकानदाराचं म्हणणं मान्य करा.

ड्रायव्हर उतरवायलाच नेट नाही, ही अडचण यात हमखास येते. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला ते वायरचं नेट वाटतं, वाय-फायच्या कार्डाची गरजच पडत नाही. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, खालच्या बाजूच्या स्टिकरवर असलेला मॉडेल नंबर टाकून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारे प्रोग्राम मशीनवर येऊ देऊ नका.

‘नेटवर्क रिसेट’ हा उपाय मुद्दाम शेवटी ठेवला आहे. तो साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सोयीच्या) सेटिंग्ज पुसून टाकतो. बिघाड कुठे आहे हे कळण्याआधीच तो करून बसलं तर गेलेल्या सेटिंग्ज पुन्हा भरण्याचं नवं काम मागे लागतं.

प्रश्न : मुलीचा जुना लॅपटॉप वर्षभर कपाटात होता. आता वाय-फायला जोडला जातो, पण एकही साइट उघडत नाही. कधी ‘नो इंटरनेट’ येतं, कधी ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. फोनवर सगळं चालतं. (एक वाचक, सोलापूर)

सर्वात आधी कोपऱ्यातली तारीख बघा. वर्षभर पडून राहिलेल्या मशीनचं घड्याळ मागे जातं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. लॅपटॉपच्या लेखी अजून जुनंच साल चालू असेल तर त्याला आजची प्रमाणपत्रं वैध वाटत नाहीत आणि तो दार लावून घेतो. तुम्हाला दिसणारा ‘नॉट प्रायव्हेट’चा इशारा बहुधा याचाच आहे. तारीख, वेळ आणि टाइम झोन हाताने बरोबर करा. चार्जर काढून ठेवल्यावर घड्याळ पुन्हा मागे जात असेल तर बोर्डवरची घड्याळाची बॅटरी संपली आहे. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये ती सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते, काहींत वायर जोडलेली. नवी घेताना जुनी काढून सोबत न्या.

तारीख बरोबर असेल किंवा केल्यावरही ‘नो इंटरनेट’ राहिलं तर सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावाखालचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून खालचा ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ वाचा. या एका आकड्यावरून निम्मं निदान होतं. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता एक घेतला आहे. ‘आयपी असाइनमेंट’ हे ‘ऑटोमॅटिक (डीएचसीपी)’ वर आहे का बघा. राउटर एक मिनिट बंद ठेवून चालू करा. राउटरमध्ये ठरावीक मशीननाच परवानगी दिलेली असेल (मॅक फिल्टर), तर लॅपटॉपमधलं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद करा. ते चालू असलं की राउटरला ओळखीचा लॅपटॉपही परका वाटतो.

पत्ता १९२.१६८ अशा आकड्याने सुरू होत असेल तर राउटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे. आता ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून, इंग्रजीत टाइप करून, आधी पिंग ८.८.८.८ आणि मग पिंग व एखाद्या साइटचं नाव अशा दोन आज्ञा द्या. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याच्या सोयीचा आहे. त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. दोन्हीला उत्तर येऊनही ब्राउझरमध्ये साइट उघडत नसेल तर ‘प्रॉक्सी’ (मधल्या सर्व्हरमार्फत नेट नेणारी सेटिंग) बंद करा आणि मुदत संपलेलं अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन काढून टाका. त्यांची अडवणूक मुदतीनंतरही चालू राहिल्याचं दिसतं.

जाता जाता, लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. वाय-फाय त्याने बंद पडत नाही, पण बँकेचं काम त्यावर करू नये.

प्रश्न : लॅपटॉप राउटरच्या शेजारी ठेवला तरच वाय-फाय पकडतो. स्क्रीन थोडी मागे झुकवली की तुटतं, पुढे घेतली की येतं. ड्रायव्हर बदलून झाला. (एक वाचक, रत्नागिरी)

तुम्ही दिलेल्या खुणेवरून हे ड्रायव्हरचं काम दिसत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनच्या वरच्या काठात किंवा बाजूला असतात. तिथून केसासारख्या बारीक दोन वायरी, साधारणपणे एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी सैल झाली किंवा तिच्याजवळचं प्लॅस्टिक तडकलं की दर उघड-झापेला वायर चिमटली जाते. आतली तार तुटत आली की स्क्रीनच्या कोनाप्रमाणे सिग्नल येतो-जातो.

झाकण उघडण्यापूर्वी लॅपटॉप बंद करा आणि आतल्या बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. वाय-फायचं कार्ड बहुधा २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूने बसवलेलं असतं. त्यावरच्या दोन सोनेरी टिकल्यांवर या वायरींची टोकं टिचकीच्या बटणासारखी बसतात. एखादं टोक निसटलं असेल तर बरोबर वर धरून बोटाने सरळ खाली दाबा. बारीक ‘टक्’ जाणवलं पाहिजे. तिरकं दाबलं तर कार्डावरची टिकलीच उखडते. समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेत त्या टिकल्या काळवंडतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. वायर बिजागरीत तुटली असेल तर तिला सोल्डरचा डाग देत बसू नये, अँटेनासकट पूर्ण संच बदलावा. आणि बिजागरी त्याच वेळी दुरुस्त करा, नाहीतर नवी वायरही तशीच जाईल.

कार्डही बदलायची वेळ आली तर नीट बघून घ्या. इंटेलचं एएक्स२१० हे स्वतंत्र कार्ड आहे, पण दिसायला तसंच असलेलं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ अर्धं काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटवर सोपवतं. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते बसेल, चालणार नाही.

प्रश्न : नवा राउटर आणला. फोनला ५ गिगाहर्ट्‌झचं नाव दिसतं, लॅपटॉपला फक्त २.४ चं. त्यात बाहेरची हार्ड डिस्क जोडली की नेट रांगायला लागतं. (एक वाचक, ठाणे)

डिव्हाइस मॅनेजरमधल्या कार्डाच्या नावात ‘८०२.११ बीजीएन’ असेल तर ते कार्ड फक्त २.४ चं आहे, सेटिंगने काही होणार नाही. ‘ड्युअल बँड’, ‘एसी’ किंवा ‘एएक्स’ असेल तर कार्ड सक्षम आहे. मग राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्‌झचं चॅनल ‘ऑटो’ वरून काढून ३६ ते ४८ मधलं द्या. ५२ पासून पुढच्या बऱ्याच चॅनलवर आसपास रडार चालू आहे का ते राउटरला आधी ऐकावं लागतं आणि काही कार्डं ती चॅनलं नीट धरत नाहीत. नाव दिसतं पण जोडलं जात नाही असं असेल तर सुरक्षा ‘डब्ल्यूपीए३’ वरून ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र करा.

हार्ड डिस्कचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. यूएसबी ३ ची केबल आणि जोडणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क लांब केबलने दूर ठेवा, दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, किंवा शक्य असेल तर ५ वर जा. कार्ड बीजीएन निघालं तर यूएसबी डाँगल (यूएसबी पोर्टला लावायचं बाहेरचं वाय-फाय कार्ड) हा स्वस्त मार्ग आहे. पाकिटावर ‘एन १५०’ नको, ‘ड्युअल बँड’ आणि ‘एसी’ हवं.

प्रश्न : हॉस्टेलच्या वाय-फायला लॅपटॉप जोडला जातो, पण लॉगिनचं पान उघडतच नाही. (एक विद्यार्थिनी, पुणे)

व्हीपीएन बंद करा. घरी डीएनएस हाताने भरलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’ वर आणा, कारण हॉस्टेलचं नेट स्वतःच्या डीएनएसमधूनच लॉगिनच्या पानाकडे वळवतं. मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साधी, कुलूप नसलेली साइट उघडा. नेहमीच्या सुरक्षित साइटवरून असं वळवता येत नाही, म्हणून तिथे नुसती एरर दिसते. तेही चाललं नाही तर वाय-फायच्या प्रॉपर्टीजमधला ‘डिफॉल्ट गेटवे’चा आकडा ब्राउझरमध्ये टाकून बघा. पान रोज नव्याने लॉगिन मागत असेल किंवा ‘डिव्हाइसची मर्यादा संपली’ म्हणत असेल तर या वाय-फायपुरतं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद करा आणि ‘फिजिकल अ‍ॅड्रेस (मॅक)’ समोरची बारा आकडे-अक्षरं हॉस्टेलच्या नेटवर्क विभागाकडे नोंदवा.