दुसऱ्या देशाच्या हद्दीत ड्रोनने हल्ला करून माणूस ठार मारणे कायदेशीर ठरते का?

ड्रोन हे शस्त्र स्वतः बेकायदा नाही; ते कोठे, कोणावर आणि कोणत्या आधारावर वापरले, यावर उत्तर अवलंबून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) परराज्याविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवते, तर कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाची मुभा देते. अमेरिकेने २००१ मध्ये तिच्या काँग्रेसने (संसदेने) ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागील लोकांविरुद्ध बळ वापरण्याच्या दिलेल्या अधिकाराचा अर्थ पुढे इतका ताणला की येमेन आणि सोमालियातील हल्लेही त्यातच बसवले गेले, आणि माझ्या मते खरा धोका या ताणण्यातच आहे.

युद्ध चालू असले तरी सैनिक व नागरिक यांत भेद करणे आणि अपेक्षित लष्करी लाभाच्या तुलनेत नागरी हानी अवाजवी होऊ न देणे बंधनकारक असते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये झालेल्या अमेरिकी ड्रोन हल्ल्यात सात मुलांसह दहा निरपराध माणसे मेली. चूक झाल्याचे पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, कबूल केले, पण कोणावरही शिस्तभंगाची कारवाई झाली नाही.

आम्हा सोलापूरकरांना हा प्रश्न परका वाटू नये. १९३० च्या मार्शल लॉनंतर ज्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, त्यांच्यावर निदान खटला तरी चालला होता, आणि म्हणूनच त्यातल्या पुराव्यांवर, निकालावर बोट ठेवता येते. ड्रोनच्या लक्ष्ययादीतील माणसाला आरोपपत्र मिळत नाही आणि अपीलही करता येत नाही.