सवाल-जवाब : डॉक्टर माझ्याशी बोलतात, आईशी नाही

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे, शुगर आहे, दर तीन महिन्यांनी मी तिला एका प्रायव्हेट हॉस्पिटलात दाखवायला नेतो. बसल्याबरोबर डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि मला विचारतात, "माताजी खाना टाइम पे खाती हैं?" आई तिथेच शेजारी बसलेली! मागच्या आठवड्यात शुगर वाढलेली दिसली म्हणून गोळीचा डोस वाढवला. घरी आल्यावर आई म्हणते, ती गोळी मी रोज घेतच नाही, घेतली की घाम सुटतो, हात थरथरतात. म्हटलं मग तिथे का नाही बोललीस, तर म्हणे मला विचारलं कुणी? आता जायलाच तयार नाहीये. डॉक्टर बदलू का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : डॉक्टरचं नंतर बघू, आधी गोळीचं. आजच फोन लावा आणि आई जे बोलली ते तसंच्या तसं सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या पोटात अन्न असो नसो इन्सुलिन बाहेर काढतातच, मग जेवायला उशीर झाला की शुगर एकदम खाली येते, घाम आणि थरथर ही त्याचीच लक्षणं. आई संकष्टी करतात का? चंद्रोदय रात्री नऊ-साडेनवाला, तोवर साबुदाणा नाहीतर नुसता चहा, आणि गोळी सकाळीच घेतलेली! डॉक्टरांना ह्यातलं काहीच माहीत नाही, त्यांना दिसला फक्त वाढलेला आकडा, म्हणून त्यांनी डोस वाढवला. आता तुमच्या धाकानं आईंनी हा वाढीव डोस इमानदारीत रोज घ्यायला सुरुवात केली तर खरी गडबड तेव्हा होईल. तुम्ही मनानं गोळी बंद किंवा कमी करू नका, तेही डॉक्टरांनाच विचारा. परत थरथर झाली तर ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असतील तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि बरं वाटलं की काहीतरी खायला घाला.

आता बोलण्याचं. डॉक्टर बदलून काय होणार, तुम्ही परत पुढच्या खुर्चीत बसाल, फाइल परत तुमच्याच हातात असेल, आणि नवीन डॉक्टरही तुमच्याकडेच बघेल. पुढच्या वेळी आईंना डॉक्टरांसमोर बसवा, फाइल त्यांच्या मांडीवर द्या, तुम्ही जरा मागे बसा. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तरी "सर, आई खुद बताएंगी" म्हणायचं आणि मग गप्प राहायचं, हे शेवटचं आपल्या पोरांना सगळ्यात कठीण जातं. आईंचं हिंदी मोडकंतोडकं असलं तरी चालतं हो, इंदुरात जन्म गेलाय, भाजीवाल्याशी घासाघीस करताना कुठे अडतं?

सांगायचं काय ते घरीच ठरवा आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट पहिली सांगा. आपली माणसं आधी गुडघे, मग झोप, मग गॅस असं करत करत दाराशी पोचल्यावर म्हणतात, "और एक बात थी डॉक्टरसाब". तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. १९८४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, पेशंट बोलायला लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मधेच तोडतात असं त्यात दिसलं. तेव्हा पहिलं वाक्य गोळीचंच. निघताना आईंनीच म्हणावं, मला काय समजलं ते सांगते, चुकलं तर सांगा. हे डॉक्टरला अपमानाचं वाटत नाही, उलट चांगल्या डॉक्टरला बरंच वाटतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या पोरांना पेशंटशी कसं बोलायचं ते अभ्यासक्रमातच शिकवतात, पण तुमचे डॉक्टर बहुधा त्याच्या कितीतरी आधी पास झालेले, त्यांना ती सवय आईंनीच लावायची.

हे सगळं करूनही ते आईंकडे बघतच नसतील तर मग खुशाल बदला.

प्रश्न : मुलगा तिसरीत. पीटीएममध्ये, म्हणजे शाळेच्या पालक-शिक्षक भेटीत, मॅडम त्याच्यासमोर आणि मागे लाइनीत उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ये बहुत वीक है, घर पे ध्यान दीजिए." मी काहीच बोलू शकले नाही. — एक आई, इंदूर

उत्तर : वीक कशात, हे विचारा. वाचताना अक्षरं गाळतो, लिहिताना उलटी काढतो, की फळ्यावरचं उतरवत नाही? वही उघडून दाखवा म्हणावं. मॅडमपुढे चाळीस पोरं असतात हे मान्य, पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे आणि चारचौघांत असं बोलणं त्याच वाटेनं जातं. भांडू नका, वेगळी वेळ मागा, डायरीत दोन ओळी लिहून. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, नंबर लागलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. ते ठीक निघालं आणि तरी वाचन अडतच असेल तर चाइल्ड सायकॉलॉजिस्टकडून लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती धरलेली आहे, सर्टिफिकेट असलं तर सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळही मिळतो. हे निदान मॅडमनी करायचं नाही, तुम्हीही नाही.

आणि पुढच्या पीटीएमला त्याला बाहेर ग्राउंडवर खेळू द्या, वह्या मात्र आत न्या.