नवऱ्याच्या ब्लू कार्डवर जर्मनीला येतेस, तर पीआरचा हिशोब असा

तुझा प्रश्न वाचला. वयाने लहान दिसतेस म्हणून एकेरीतच लिहिते, राग मानू नकोस. तुझे म्हणणे थोडक्यात असे: नवरा दीड वर्षापासून म्युनिकजवळ ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर) नोकरीला आहे, लग्न डिसेंबरात झाले, तू पुण्यात अकाउंट्सची नोकरी करतेस. तिकडे गेल्यावर तुला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, कधी मिळेल, नवऱ्याला मिळाली की तुलाही आपोआप मिळते का, आणि मध्ये बाळंतपणाला माहेरी राहिलीस तर सगळा हिशोब मोडतो का?

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण माझे नुकसान तिथेच झाले. आपोआप काहीही मिळत नाही. मी 2021 च्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला आले आणि पहिले चौदा महिने घर लावण्यात घालवले. ह्यांची पीआर झाली की आपलीही होईल, असे मी धरूनच चालले होते. जर्मन शिकले नाही, नोकरी शोधली नाही. ह्यांचे कार्ड हातात आले तेव्हा कळले की माझ्या निवास परवान्याच्या कार्डावर माझी स्वतःची मुदत आहे आणि ती संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा वाट.

तुझ्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता 2023 साली झालेल्या कायद्याने आला आहे. नवऱ्याकडे कुशल कामगार किंवा ब्लू कार्डवाल्यांची पीआर असेल, तुम्ही एकत्र राहत असाल, तुझ्याकडे निवास परवाना तीन वर्षे असेल आणि तू आठवड्याला किमान 20 तास काम करत असशील, तर तुला पीआर मिळते. एरवी पाच वर्षे लागतात आणि दोघांपैकी एकाचे तरी पेन्शनचे 60 महिन्यांचे हप्तेही दाखवावे लागतात. या रस्त्यात त्या दोन्ही अटी नाहीत. बाकीच्या आहेतच: बी1 पातळीची जर्मन (पातळ्या ए1, ए2, बी1 अशा चढत जातात), ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही जर्मनीतल्या कायद्यांची आणि समाजाची परीक्षा, पुरेसे उत्पन्न, राहायला पुरेशी जागा. परीक्षेला घाबरू नकोस. 33 प्रश्न असतात, ते सगळे आधीच जाहीर केलेल्या 310 प्रश्नांतले, फी 25 युरो. आठवडाभर रोज तासभर बसलीस तरी होते.

आता नीट बघ, यात तुझे घड्याळ नवऱ्याच्या घड्याळाला बांधलेले आहे. ब्लू कार्डवर त्याला 27 महिन्यांनी पीआर मिळते, ए1 जर्मन असले तरी चालते. पण बी1 असेल तर 21 महिन्यांतच मिळते. त्याचे अठरा झाले म्हणतेस. मग आज फोन कर आणि विचार, बी1 ची परीक्षा दिलीस का? आयटीतले कितीतरी मुलगे ऑफिसात इंग्रजी चालते म्हणून हे वर्षानुवर्षे ढकलतात. त्याने ए1 आणि पीआरचा अर्जही असाच ढकलला तर उद्या तुझी तीन वर्षे भरूनही तुला थांबावे लागेल.

20 तासांची अट कागदावर सोपी वाटते, पण माझा अर्ज तिथेच अडकला होता. 2024 च्या सप्टेंबरात आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कार्यालयात, माझा नंबर लागला. तीन वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. समोरच्या बाईंनी फाइल उघडली आणि माझ्या नोकरीच्या करारावर पेनचे टोक एका ओळीखाली ठेवले: आठवड्याचे तास 18. त्या काही बोलल्या नाहीत, पेन फक्त तिथेच धरून ठेवले. मी प्रत्यक्षात बावीस-तेवीस तास काम करत होते, पगाराच्या चिठ्ठ्याही सोबत होत्या, पण करारावर 18 होते. परत आले, मालकाला विनंती करून दुरुस्तीपत्र घेतले, दोन महिने थांबून पुन्हा गेले. दोन आकड्यांसाठी दोन महिने. म्हणून करारावर सही करतानाच तास बघून घे.

आणि मिनीजॉबने, म्हणजे महिन्याच्या कमाईला मर्यादा असलेल्या छोट्या नोकरीने, हे साधत नाही, हे ओळखीच्या दोघीतिघींना उशिरा कळले. 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे आणि मिनीजॉबची मर्यादा महिना 603 युरो. भागून बघ, आठवड्याला जेमतेम दहा तास होतात. दुसरी अडचण घरातून येते. नवऱ्याचा टॅक्स क्लास (दरमहा पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा वर्ग) 3 आणि तुझा 5 ठेवला की तुझ्याकडून जास्त कर कापला जातो आणि तुझ्या हातात येणारा पगार फारच कमी दिसतो, मग “एवढ्याशा पैशांसाठी कशाला घराबाहेर पडतेस” असे बोलले जाते. कर दोघांचा मिळून एकत्रच मोजला जातो. तुझ्या पगारातून कापले जाणारे पेन्शनचे हप्ते तुझ्याच नावावर जमतात. त्या वीस तासांची किंमत पगाराच्या चिठ्ठीवर बघू नकोस.

काम करायला वेगळी परवानगी लागत नाही. आल्यापासून कोणतीही नोकरी करता येते आणि कार्डावर तसे लिहूनही येते. तू अकाउंट्समधली आहेस, तुझी पदवी परदेशी पदव्यांच्या इथल्या ‘अनाबिन’ यादीत मान्य दिसली आणि त्या दर्जाची नोकरी लागली, तर स्वतःचे ब्लू कार्ड घेता येते. मग तुझेही 27 किंवा 21 महिने त्या नोकरीपासून मोजले जातात आणि नवऱ्याच्या कागदाशी संबंध उरत नाही. मला विचारशील तर हाच रस्ता सगळ्यात चांगला, पण अकाउंट्सला जर्मन बऱ्यापैकी लागते, तेव्हा पहिल्याच वर्षी हे जमेल असे धरू नकोस.

म्हणून भाषा पुण्यातच सुरू कर. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ए1 लागत नाही. मला एका एजंटाने लागते म्हणून सांगितले होते आणि क्लासचे पैसेही लावले होते. पण लागत नाही म्हणून शिकायचे नाही, असे करू नकोस. मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मन शिकायला पुण्यासारखे गाव नाही. ए2 घेऊन आलीस तर इथल्या इंटिग्रेशन कोर्सचे, ज्यात भाषेचेच 600 तास असतात, निम्मे ओझे उतरते.

व्हिसाबद्दल दोनच गोष्टी. पर्यटक व्हिसावर येऊन इथे बदलून घेऊ, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. कुटुंबाचा राष्ट्रीय व्हिसा घेऊनच ये, फी 75 युरो आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. दुसरी गोष्ट नावाची, आणि ती आपल्याकडच्या पद्धतीमुळे फार छळते. तुझ्या पासपोर्टवर तुझ्या नावापुढे वडिलांचे नाव असेल. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर नवऱ्याचे नाव आणि आडनाव लावलेले, पदवीवर माहेरचे आडनाव. इथल्या कार्यालयाला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. माझ्या विमा कार्डावर माझे आणि बाबांचे नाव मिळून पहिले नाव झाले आहे. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायलाच हवे असा आपल्याकडे कायदा नाही. बदलू नकोस. महापालिकेत नोंदणी करतानाच लग्नापूर्वीचे पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे, अक्षर न् अक्षर, लिहून घे. नोंदणी झाली असेल आणि चूक असेल तर निघण्याआधी दुरुस्त करून घे. इथून वॉर्ड ऑफिसात कागद फिरवायचा म्हणजे सासरे-वडिलांना खेटे.

एक गोष्ट नव्या नवरीला सांगू नये असे म्हणतात, तरी सांगते. तुझे कार्ड संसार एकत्र आहे या आधारावर दिलेले असते. जर्मनीत तीन वर्षे एकत्र राहिल्यावर वेगळे व्हायची वेळ आली तर तुला स्वतःच्या हक्काने राहता येते. मारहाण-छळ असेल तर त्या तीन वर्षांची सक्ती नाही. नवरा दगावला तरीही नाही. हे माहीत नसल्यामुळे “परत पाठवीन” या धमकीखाली जगणारी बाई मी जवळून पाहिली आहे. तुझा संसार सुखाचाच होईल, पण हे माहीत असू दे.

राहिले बाळंतपण. सहसा सलग सहा महिन्यांहून जास्त जर्मनीबाहेर राहिले की निवास परवाना संपतो. ब्लू कार्डवाल्याच्या कुटुंबाला मात्र ही मुदत बारा महिन्यांची आहे. तेव्हा सातव्या महिन्यात माहेरी जाऊन बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर परतलीस तर कार्ड जात नाही. पण जाण्याआधी कार्डावरची तारीख बघ. तू तिकडे असताना ती संपत असेल तर अर्ज इथूनच करून जा. आणि बाळ भारतात जन्मले तर त्याला पासपोर्ट आणि स्वतःचा व्हिसा लागेल, तोवर तुला त्याला घेऊन येता येणार नाही. ते महिनेही परतीच्या हिशोबात धर. मी माझ्या लेकीच्या वेळी आईलाच तीन महिने इकडे बोलावले. तिचा व्हिसा पर्यटकाचा, शेंगेनचा, 90 दिवसांचा. डिंकाचे लाडू करून आणले होते तिने, आणि बाराव्या दिवशी पाळणा ह्यांच्या दोन जर्मन सहकाऱ्यांच्या बायकांनी हलवला.