लाल ठिणग्या दिसल्या की सोडा: 'मारिओ कार्ट डीएस'बद्दल वाचकांचे प्रश्न

निन्टेंडोच्या मारिओ मालिकेतून निघालेला 'मारिओ कार्ट डीएस' हा हातात धरून खेळायच्या डीएस या कन्सोलवरचा रेसिंग गेम नोव्हेंबर २००५मध्ये बाजारात आला. जुने डीएस पुन्हा कपाटातून बाहेर निघू लागले आहेत, त्यामुळे या अंकातले सगळे प्रश्न याच गेमवरचे घेतले आहेत.

प्रश्न: ५० आणि १०० सीसीचे (सीसी म्हणजे गेममधला वेगाचा वर्ग) सगळे कप जिंकले. १५० सीसीत मात्र दुसऱ्या लॅपपासूनच संगणकाच्या गाड्या पुढे निघून जातात. जास्त वेगाची कार्ट घेऊ का?

कार्ट बदलायची घाई करू नका. १०० सीसीपर्यंत वळणं नीट घेतली, शेल (इतर खेळाडू फेकतात ती कासवाची कवचं) चुकवले, की भागतं. १५०मध्ये मिनी-टर्बो, म्हणजे घसरत वळण घेऊन मिळवलेली वेगाची झेप, लागतोच, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही.

समजा वळण डावीकडे आहे. 'ए' दाबलेलंच ठेवा. वळणाच्या जरा आधी 'आर' दाबा. गाडी छोटीशी उडी मारेल. ती खाली टेकेल तेव्हा डी-पॅडवर (अधिक चिन्हाच्या आकाराच्या दिशेच्या बटणावर) डावी बाजू दाबलेली हवी, आणि 'आर' सोडायचं नाही. गाडी आता तिरपी घसरत वळते आहे, म्हणजे ड्रिफ्ट लागली. इथून अंगठ्याने एकदा उजवी-डावी करा. चाकांपाशी उडणाऱ्या ठिणग्या निळ्या होतील. पुन्हा एकदा उजवी-डावी करा, त्या लालसर होतील. लाल दिसल्या की 'आर' सोडा. गाडी पुढे झेपावते आणि क्षणभर तिच्या कमाल वेगापेक्षाही जोरात धावते. तीन लॅपमध्ये अशा वीस-पंचवीस झेपा मिळाल्या तर शर्यतीचं चित्रच पालटतं.

चुका ठरावीक जागी होतात. पहिली अंगठ्याची. बरेच जण दर वेळी अंगठा उचलून दुसऱ्या बाजूला टेकवतात, त्यात वेळ जातो आणि वळण संपेपर्यंत ठिणग्या निळ्याच राहतात. अंगठ्याचा मांसल भाग डी-पॅडच्या मधोमध टेकवून ठेवा आणि तो फक्त डोलवा. दुसरी चूक गाडीच्या मार्गाची. डाव्या ड्रिफ्टमध्ये उजवी दाबली की गाडी बाहेरच्या कडेकडे सरकते. म्हणून आत शिरताना वळण गरजेपेक्षा थोडं घट्ट पकडा, म्हणजे बाहेर सरकायला जागा राहते. केसाच्या पिनेसारखं वळण असेल तर आधी नुसती आतली बाजू धरून नाक आत आणा आणि मगच अंगठा हलवा. तिसरी चूक सोडण्याच्या वेळेची. झेप नाकाच्या दिशेने मिळते. नाक अजून कडेच्या गवताकडे असताना 'आर' सोडलं तर कमावलेला टर्बो गवतात जातो आणि हातात होता तो वेगही पडतो.

सराव टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाविरुद्ध खेळायच्या प्रकारात) करा, 'फिगर-८ सर्किट' या ट्रॅकवर. रस्ता रुंद आहे, पडायला खड्डे नाहीत, आणि आठच्या आकड्यामुळे डावी आणि उजवी दोन्ही वळणं हाताखालून जातात. घड्याळाकडे बघू नका. लाल ठिणग्यांशिवाय 'आर' सोडायचं नाही, एवढा एकच नियम ठेवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनाही डाव्या अंगठ्याची ही सवय लागायला दोन-चार दिवस लागतात, त्यात वावगं काही नाही.

प्रश्न: ड्रिफ्ट बरोबर लागते, पण मध्येच आपोआप सुटते. डीएस लाइट आहे. गेममध्ये दोष आहे का?

गेममध्ये दोष नसावा, संशय 'आर' बटणाचा धरा. डीएस लाइटच्या खांद्यावरच्या बटणांखाली अगदी छोटे स्विच असतात. त्यांत धूळ शिरली की बोट दाबलेलं असूनही संपर्क क्षणभर तुटतो. गेमच्या दृष्टीने तुम्ही 'आर' सोडलंत.

खात्री करणं सोपं आहे. टाइम ट्रायल सुरू करून गाडी जागेवर उभी ठेवा आणि 'आर' सावकाश २० वेळा दाबा. प्रत्येक दाबाला एक उडी यायला हवी. १७-१८ आल्या, किंवा एका दाबात दोन आल्या, तर स्विच बिघडला आहे. वीसच्या वीस आल्या तर चूक अंगठ्याची किंवा भिंतीला घासण्याची आहे. भिंतीला आदळलं किंवा गवतात वेग फार पडला तरी ड्रिफ्ट सुटतेच.

स्विच बिघडला असेल तर आधी डीएस बंद करून गेमकार्ड बाहेर काढा. बटणाच्या फटीत हवेच्या डब्याने छोटे छोटे झोत द्या आणि बटण ३०-४० वेळा दाबा. तोंडाने फुंकू नका, वाफेने आतले धातूचे भाग गंजतात. अनेकदा एवढ्यानेच काम होतं. झालं नाही तर उघडावं लागेल. त्यासाठी तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर आणि लहान फिलिप्स, दोन्ही लागतात, आणि काही स्क्रू मागच्या रबरी टिकल्यांखाली लपलेले असतात. सगळ्यात आधी बॅटरी काढा. बॅटरी लावलेली असताना हत्यार घसरलं तर बोर्डावरचा फ्यूज उडतो आणि मग डीएस चालूच होत नाही. मागचं कवच उचलताना बटणाची बारीक स्प्रिंग आणि धातूची काडी उडून जाते, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. स्विचवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब टाका, स्विच पंधरा-वीस वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या, मग बंद करा. तरीही उड्या गळत असतील तर स्विचच बदलावा लागतो. तो डाख देऊन बसवलेला असतो, तेव्हा ते काम हात बसलेल्या माणसाकडे द्या.

'एल' बिघडलं असतं तर निभावलं असतं, कारण आयटम, म्हणजे शेल, केळं यांसारखी मिळालेली वस्तू, 'एक्स'नेही वापरता येतो. 'आर'शिवाय मात्र हा गेम खेळण्यात अर्थ नाही.

प्रश्न: मग कार्ट निवडताना गाडीचे गुण दाखवणाऱ्या सहा पट्ट्यांपैकी कोणती बघायची?

वेग, प्रवेग, वजन, हाताळणी, ड्रिफ्ट आणि आयटम अशा त्या सहा. मिनी-टर्बो हाताशी आला असेल तर ड्रिफ्टची पट्टी आधी बघा, कारण टर्बो किती वेळ टिकतो ते ती ठरवते. योशीची 'एग १' आणि ड्राय बोन्सचा रणगाड्यासारखा 'ड्राय बॉम्बर' या दोन गाड्या मुरलेल्या खेळाडूंच्या आवडत्या आहेत त्या याचसाठी. टर्बो अजून जमत नसेल तर प्रवेग आणि हाताळणी बघा; शेल लागून थांबल्यावर गाडी चटकन वेग धरेल. वजन जास्त असलेली गाडी धक्काबुक्कीत हलत नाही, पण एकदा थांबली की तिला उठायला वेळ लागतो. हवी ती गाडी यादीत नसेल तर कप जिंकत राहा, गाड्या उघडत जातात.

प्रश्न: मित्र सरळ रस्त्यावरही सापासारखा डावी-उजवी करत जातो आणि नेहमी जिंकतो. हे फसवणुकीत मोडतं का?

याला 'स्नेकिंग' म्हणतात आणि गेमचे नियम त्याला अडवत नाहीत. एक मिनी-टर्बो संपायच्या आत दुसरा तयार झाला तर गाडी कमाल वेगाच्या वरच राहते, आणि त्यासाठी वळण असायलाच हवं असं नाही. सरळ रस्त्यावर एकदा डावी ड्रिफ्ट, एकदा उजवी, असं करत जायचं. रुंद रस्त्यावर हे जमतं, अरुंद रस्त्यावर कडेला घासून नुकसान होतं.

आमच्या मते ते कौशल्यच आहे, आणि मेहनतीने कमावलेलं. पण एक जण स्नेकिंग करणारा आणि तीन जण न करणारे असतील तर शर्यतीत मजा उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या, करायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागलं तर त्या दिवशी थांबा. दुखऱ्या अंगठ्याने लाल ठिणग्या वेळेवर येत नाहीत आणि दुखणं मात्र वाढतं.

प्रश्न: पहिला असताना रेड शेल सतत मागून बसतात. काही उपाय?

केळं किंवा शेल मिळालं की लगेच फेकू नका. 'एल' दाबून धरा, आयटम गाडीमागे लटकत राहील आणि मागून येणारं रेड शेल त्यावर फुटेल. 'एल' सुटलं की तो निसटतो.

खालच्या स्क्रीनचाही उपयोग करा. तिला बोट लावलं की पूर्ण ट्रॅकच्या नकाशाऐवजी तुमच्या गाडीभोवतालचा भाग जवळून दिसतो: मागून येणारं शेल, पुढे पडलेलं केळं, शेजारची गाडी, सगळं. पुढे असताना हेच दृश्य चालू ठेवा. ब्लूपर नावाच्या आयटमने वरच्या स्क्रीनवर शाई उडवली की खालच्या नकाशावर नजर ठेवून गाडी चालवता येते.

प्रश्न: सुरुवातीची झेप कधी मिळते, कधी इंजिन अडखळतं. नेमकी वेळ कोणती?

३, २, १ या मोजणीत २चा आकडा विरू लागतो त्या क्षणी 'ए' दाबा आणि धरून ठेवा. त्याआधी दाबलं तर गाडी अडखळते, उशिरा दाबलं तर साधी सुरुवात मिळते.

प्रश्न: मिशनची सातवी पातळी आणि आरओबी हा रोबो कसा उघडतो?

प्रत्येक पातळीत आठ मिशन आणि एक बॉस असतो. पहिल्या सहा पातळ्यांमधल्या प्रत्येक मिशनमध्ये निदान एक तारा मिळाला की सातवी उघडते. नुसतं पूर्ण करून पुढे गेलेली मिशनं पुन्हा खेळा. ठरावीक संख्येने टर्बो घ्यायला लावणारी मिशनं अडतात ती बहुधा निळ्या ठिणग्यांवरच 'आर' सोडल्यामुळे. आरओबीसाठी मिरर वर्गातले (ट्रॅक आरशातल्यासारखे उलटे असतात तो वर्ग) कप जिंकावे लागतात, आणि मिरर वर्ग १५० सीसीचे कप जिंकल्यावर उघडतो. दर शर्यतीत पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ६ गुण आहेत. चारपैकी एखाद्या शर्यतीत दुसरे आलात तरी कप हातचा जात नाही, तेव्हा मधूनच सोडून पहिल्यापासून सुरू करू नका.

प्रश्न: एकाच कार्डवर किती जण खेळू शकतात? आणि इंटरनेटवर?

जवळजवळ बसून आठ जण खेळू शकतात, कार्ड एकाकडेच असलं तरी. बाकीच्यांनी आपापल्या डीएसवर 'डाउनलोड प्ले' निवडायचं. त्यांना शाय गाय हेच पात्र मिळतं आणि ट्रॅकही मोजकेच असतात. सगळ्या ३२ ट्रॅकवर, म्हणजे १६ नव्या आणि १६ जुन्या गेममधून आणलेल्या ट्रॅकवर खेळायचं तर प्रत्येकाकडे कार्ड हवं.

निन्टेंडोची डीएससाठीची इंटरनेट सेवा २० मे २०१४ला बंद झाली, तेव्हा डीएसवर जोडणीचा संदेश चुकला तर तुमच्या राउटरला दोष देऊ नका.

प्रश्न: जुनं कार्ड घेतलं. कधी चालतं, कधी डीएस म्हणतो कार्डच नाही. शिवाय ३डीएसवर (डीएसनंतरच्या कन्सोलवर) चित्र धूसर दिसतं.

कार्डामागच्या सोनेरी पट्ट्या बघा. १७ असतात. त्यांवर काळपट थर किंवा बोटांचा तेलकटपणा असेल तर कापसाच्या काडीवर ९० टक्के किंवा त्याहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने पुसा. काडी ओली हवी, निथळती नको. पाच मिनिटं वाळू द्या, मग कार्ड दहा वेळा आत-बाहेर करा, म्हणजे खाचेतल्या पिनाही घासून स्वच्छ होतात. खोडरबर किंवा सॅंडपेपर वापरू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो. आधीच्या मालकाचे कप आणि वेळा कार्डात दिसतील. नोंद कार्डातल्या चिपवर राहते, तिला बॅटरी लागत नाही, त्यामुळे जुनं कार्ड आहे म्हणून नोंद पुसली जाईल ही भीती नको.

३डीएसवर गेमचं चित्र ताणून मोठं केलं जातं, धूसरपणा त्याचा आहे. मेनूमधून गेम उघडताना 'स्टार्ट' किंवा 'सिलेक्ट' दाबून धरा. चित्र लहान होईल, पण मूळ आकारात आणि स्वच्छ. ३डीएसवर वरचं गोल पॅडही चालतं, तरी मिनी-टर्बोसाठी खालचा डी-पॅडच वापरा. गोल पॅड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायला जो क्षण घेतं, तेवढ्यात वळण संपतं.