जीनोमिक्सचे तंत्रज्ञान विकसनशील देशांत टिकते का?

परदेशी संस्थांच्या सहकार्याने विकसनशील देशांत आलेले जीनोमिक्सचे, म्हणजे सजीवांची किंवा विषाणूंची संपूर्ण जनुकीय माहिती (जीनोम) अभ्यासण्याचे, तंत्रज्ञान तिथे टिकते, की निधी संपताच यंत्र धूळ खात पडते, असा आपला प्रश्न आहे. सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे ही माहिती यंत्राने वाचण्याच्या, कामात मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत, आणि माझ्या मते फरक यंत्रामुळे पडत नाही.

यंत्र पोहोचवणे आता तुलनेने सोपे आहे. 2015 मध्ये गिनीत इबोलाची साथ चालू असताना संशोधकांनी मिनआयन हा तळहातावर मावणारा, लॅपटॉपला जोडून चालणारा सिक्वेन्सर विमानातल्या साध्या सामानातून नेला आणि 142 नमुन्यांतील विषाणूंचे जीनोम तिथेच वाचले. नमुना हाती आल्यापासून निकाल 24 तासांच्या आतही देता आला.

खरी अडचण पुरवठ्याची असते. फ्लो सेल म्हणजे सिक्वेन्सरमध्ये बसवायचा, संपला की बदलावा लागणारा भाग; त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून डीएनए सरकतो. तो थंड ठेवावा लागतो आणि त्याची मुदतही मर्यादित असते. आमचे एक खोके कस्टममध्ये अडकले आणि सुटून आले तेव्हा आतली बर्फाची पिशवी कोमट झाली होती; तपासणीत किमान 800 छिद्रे चालू असायला हवी होती, तिथे निम्मीही भरली नाहीत. तेव्हापासून कोणी यंत्र देऊ केले, की तिसऱ्या वर्षीची रसायने कोण विकत घेणार, हे मी आधी विचारतो.

जिथे माणसे तयार झाली, तिथे काम टिकले. नायजेरियातील एडे येथील जीनोमिक्स केंद्राचे शास्त्रज्ञ इबोलाच्या काळापासून या कामात होते, म्हणूनच मार्च 2020 मध्ये देशातील पहिल्या कोविड रुग्णाच्या विषाणूचा जीनोम त्यांना काही दिवसांतच वाचता आला. एच3आफ्रिका या आफ्रिकेतील जीनोमिक्स संशोधनाच्या उपक्रमाला पैसा अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा आणि ब्रिटनच्या वेलकम या धर्मादाय संस्थेचा होता, पण संशोधनाचे नेतृत्व आफ्रिकी संस्थांकडे ठेवले गेले, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट.

मात्र क्षमता आली म्हणजे परावलंबन संपले, असे नव्हे. नोव्हेंबर 2021 मध्ये बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगशाळांनी ओमिक्रॉन हा कोविड विषाणूचा नवा प्रकार ओळखून जगाला तातडीने कळवले, तर अनेक देशांनी तिथली विमानेच बंद केली. आणि सिक्वेन्सिंगची रसायने विमानानेच येत असल्याने, साठा संपत आल्याचा इशारा तिथल्या शास्त्रज्ञांना द्यावा लागला.